वृद्धांची शुश्रूषा आणि लैंगिक आरोग्य : नव्या सिस्टर, ब्रदर आणि केअरटेकरसाठी

जीएनएम किंवा एएनएम हे नर्सिंगचे कोर्स करून वृद्धाश्रमात, नर्सिंग ब्युरोत किंवा मेडिसिन वॉर्डात रुजू झालेल्या मुलामुलींना बेडसोअर कसा टाळायचा, नाकातून पोटात घातलेल्या रायल्स ट्यूबमधून फीड कसं द्यायचं हे शिकवलेलं असतं. अडतं ते भलत्याच ठिकाणी. स्पंज देताना आजोबांना ताठरता येते आणि नवी सिस्टर बादली तिथेच ठेवून बाहेर निघून येते. काकू दबक्या आवाजात ‘खाली फार आग होते गं’ म्हणतात आणि ‘या वयात व्हायचंच’ असं उत्तर मिळून विषय मिटतो. वृद्धाश्रमात दोघांचं जुळतं, ते जेवायला शेजारी बसायला लागतात, आणि स्टाफरूममध्ये खसखस पिकते.

माझं म्हणणं सरळ आहे. भूक, झोप, शुगर, बीपी विचारतो तितक्याच सहज लैंगिक आरोग्याबद्दल विचारायला हवं. आपण विचारत नाही म्हणून आजार दडून राहतात आणि माणसं विनाकारण सोसत राहतात. डॉक्टर राऊंडला येतात आणि जातात. अंग पुसणारे, कपडे बदलणारे, रात्री जागे असणारे आपण असतो.

२००७ साली अमेरिकेत ५७ ते ८५ वयाच्या ३,००५ स्त्री-पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ६५ ते ७४ वयोगटातले ५३ टक्के आणि ७५ ते ८५ मधले २६ टक्के लोक लैंगिकदृष्ट्या सक्रिय होते. पन्नाशीनंतर डॉक्टरांशी या विषयावर एकदा तरी बोललेले पुरुष ३८ टक्के होते, बायका अवघ्या २२ टक्के. हे तिकडचं. आपल्याकडे नातवंडं झाली की आजी-आजोबांची अंथरुणं वेगळी होतात आणि वन रूम किचनमध्ये तर हॉलमध्ये सगळ्यांच्या मध्ये झोपावं लागतं. इथे कुणी आपणहून बोलेल याची वाट बघत बसू नका.

आधी शरीर समजून घ्या

पाळी साधारण ४५ ते ५० वर्षांच्या दरम्यान जाते. मग इस्ट्रोजेन कमी होतं, योनीचं अस्तर पातळ आणि कोरडं होतं. संबंधाच्या वेळी दुखणं, लघवीला जळजळ, लघवीची घाई, पुन्हा पुन्हा होणारं युरिन इन्फेक्शन या सगळ्यांमागे बऱ्याचदा हे एकच कारण असतं. अंगातून गरम वाफा येणं काही वर्षांनी कमी होतं, कोरडेपणा मात्र उपचार न केल्यास वाढत जातो. म्हणून वर्षातून तीन-चारदा अँटिबायोटिकचा कोर्स घेणाऱ्या आजी असतील, तर डॉक्टरांना कोरडेपणाबद्दल मुद्दाम सांगा. योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम डॉक्टर लिहून देतात, त्याने आग कमी होते आणि इन्फेक्शनही कमी होतात. पूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर ते आधी सांगायचं. नुसता कोरडेपणा असेल तर पाण्याचा बेस असलेली जेल औषधाच्या दुकानात मिळते. बऱ्याच घरांत खोबरेल तेल वापरतात. कंडोम वापरत असतील तर मात्र तेल नको, तेलाने लॅटेक्स फाटतं.

तीन गोष्टी दिसल्या की थांबायचं नाही. पहिली, पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर अंगावरून थोडंसं जरी रक्त गेलं, तरी त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवा. गर्भाशयाच्या कॅन्सरची ती पहिली खूण असू शकते. दुसरी, अंग बाहेर येणं. बायका ते हाताने आत सारून वर्षानुवर्षं काढतात, कुणाला कळू देत नाहीत. रिंग पेसरी (योनीत बसवायची आधाराची कडी) बसवून किंवा ऑपरेशनने याला आराम पडतो, हे आपण सांगितलं तरच त्यांना कळतं. तिसरी, योनीभोवती पांढरे चट्टे आणि रात्री झोपू न देणारी खाज. घरचे याला कोड समजून सोडून देतात. तो लायकेन स्क्लेरोसस नावाचा त्वचेचा आजार असू शकतो, त्याला मलम आहे, आणि त्यावर डॉक्टरांनी लक्ष ठेवावं लागतं कारण क्वचित त्यातून कॅन्सर होतो.

पुरुषांना ताठरता यायला वेळ लागतो, थेट स्पर्श जास्त लागतो, एकदा झाल्यावर पुन्हा व्हायला बरेच तास किंवा दिवसही जातात. हे वयाचं आहे. पण ताठरता येतच नसेल तर वयावर ढकलू नका. डायबेटिस, बीपी, तंबाखू, कोलेस्टेरॉल ही नेहमीची कारणं. लिंगातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे अडथळ्याची चाहूल तिथे आधी लागते. हार्टचा त्रास दिसायच्या काही वर्षं आधी ही तक्रार अनेकदा सुरू झालेली असते. साठीचे काका ‘जमत नाही’ म्हणाले तर हसण्यावारी न नेता त्यांच्या हृदयाची तपासणी झाली आहे का ते बघा.

स्पंज आणि स्वच्छता

पडदा लावा, दार लोटा, आणि काय करणार ते आधी सांगा: ‘आजी, आता खालची जागा स्वच्छ करते हं, पाणी कोमट आहे.’ बोलू न शकणाऱ्या पेशंटलाही सांगायचं. जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा, बाकी अंगावर चादर. बायकांना पुढून मागे पुसायचं. आत साबण नको, जंतुनाशक द्रव तर अजिबात नको. कोरड्या अस्तराला त्याने आणखी इजा होते.

पुरुषांच्या बाबतीत एक गोष्ट मी प्रत्येक नव्या मुलामुलीला शेजारी उभं करून दाखवते. कॅथेटर (लघवीची नळी) असलेल्या आजोबांची पुढची त्वचा हळूच मागे घ्यायची, साचलेला पांढरा थर ओल्या कापडाने पुसायचा, कोरडं करायचं, आणि त्वचा परत पुढे आणायची. हे शेवटचं काम विसरलं जातं. त्वचा मागे राहिली की टोकाला सूज येते, तासा-दोन तासांत ती पुढे येईनाशी होते, रक्तपुरवठा अडतो आणि सर्जनला बोलवावं लागतं. डायपर बांधण्यापूर्वी एकदा डोळ्यांनी खात्री करा. त्वचा मागे जातच नसेल तर ओढू नका, डॉक्टरांना दाखवा. डायबेटिस असलेल्यांना तिथे बुरशी पटकन होते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या चालू असतील तर लघवीतून साखर जाते आणि बुरशीचा धोका वाढतो, स्त्रियांनाही. लाली, खाज, दह्यासारखा पांढरा थर दिसला की चार्टवर गोळीचं नाव बघून डॉक्टरांना दोन्ही गोष्टी एकत्र सांगा.

स्वच्छता करताना ताठरता आली तर? ती स्पर्शाची शारीरिक प्रतिक्रिया असते, त्यात आजोबांचा हेतू असेलच असं नाही. बहुतेक वेळा तेच शरमेने मेल्याहून मेले होतात. चादर घाला, ‘मी पाच मिनिटांनी येते’ म्हणा, बाहेर जा, परत या आणि काम पूर्ण करा. बाहेर जाऊन कुणाला सांगत हसू नका.

विषय कसा काढायचा

पहिल्या दिवशी, पहिल्या प्रश्नात नाही. आधी लघवी, संडास, झोप, मग हळूच पुढचं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॅक अ‍ॅनन यांनी १९७६ मध्ये एक पद्धत मांडली, ती आजही नर्सिंगमध्ये शिकवतात. तिचे चार टप्पे: बोलायला परवानगी देणं, थोडी नेमकी माहिती देणं, त्या माणसापुरती सूचना करणं, आणि पुढचं तज्ज्ञांकडे सोपवणं. नव्या माणसाने पहिले दोन टप्पे नीट केले तरी खूप झालं.

परवानगी म्हणजे काय, तर प्रश्न असा विचारायचा की समोरच्याला आपण एकटेच नाही हे कळावं. ‘काका, शुगरच्या बऱ्याच पेशंटना संबंधांच्या बाबतीत अडचण येते. तुम्हाला तसं काही वाटतं का? बोलायचं नसेल तरी चालेल.’ आजींना: ‘पाळी गेल्यावर खाली कोरडं पडतं, आग होते, दुखतं. तुम्हाला होतं का असं?’ लोक आपल्या शब्दांत सांगतील. ‘आमचं आता काही राहिलं नाही’, ‘ते जमत नाही’, ‘मालक जवळ आले की भीतीच वाटते.’ ऐकून घ्या, आणि त्यांचा शब्द उचलून त्यावरच पुढचा प्रश्न विचारा. ‘कसली भीती वाटते, आजी? दुखेल याची?’

कमी ऐकू येणाऱ्या आजोबांना हा प्रश्न वॉर्डात ओरडून विचारला तर ते पुन्हा कधी तोंड उघडणार नाहीत. कानाचं मशीन लावलंय का बघा, बाजूला घ्या, नाहीतर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून दाखवा. मुलगा, सून, जावई यांना विनंती करून बाहेर बसवा. आजींना पुरुष स्टाफपुढे किंवा आजोबांना सिस्टरपुढे बोलणं जड जात असेल तर माणूस बदला. आणि नवरा-बायकोच असतील असं धरून चालू नका. कुणी विधुर आहे, कुणाची मैत्रीण आहे, कुणी आयुष्यभर समलिंगी जोडीदाराबरोबर ‘मित्र’ म्हणून राहिलेलं आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तशा संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का काढला, पण सत्तरीतल्या माणसाची भीती एका निकालाने जात नाही. ‘तुमच्या जवळचं कोण आहे?’ हा प्रश्न सगळ्यांना चालतो.

औषधांचा चार्ट या नजरेनेही वाचा

मेटोप्रोलॉल-अटेनोलॉलसारखी बीपीची औषधं, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, एस्सिटॅलोप्रॅम-सर्ट्रालिनसारख्या डिप्रेशनच्या गोळ्या, प्रोस्टेटसाठीचं फिनास्टेराइड, यांनी इच्छा किंवा ताठरता कमी होऊ शकते. टॅमसुलोसिनने काहींचं वीर्य बाहेर येत नाही, प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतरही बऱ्याचदा तसं होतं, आणि आधी सांगितलेलं नसेल तर माणूस घाबरून जातो. उलट बाजूही आहे. पार्किन्सनसाठी प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल सुरू झाल्यावर इच्छा अचानक अनावर होऊ शकते, जोडीला जुगार किंवा खरेदीचं वेड लागतं. घरचे म्हणतात, म्हातारपणी चळ लागला. तो औषधाचा परिणाम असतो आणि डोस बदलून आटोक्यात येतो. मात्र कुठलीही गोळी आपल्या किंवा पेशंटच्या मनाने बंद करायची नाही.

सगळ्यात धोक्याची जोडी पाठ करून ठेवा: सिल्डेनाफिल-टाडालाफिलसारखी ताठरतेची गोळी आणि नायट्रेट हे छातीदुखीचं औषध. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट अनेक घरांत असते, ती नायट्रेटच. सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तासांत, टाडालाफिल घेतल्यावर ४८ तासांत नायट्रेट पोटात गेलं तर बीपी कोसळून जीव जाऊ शकतो. लाजेने आजोबा ही गोळी घेतल्याचं सांगत नाहीत. म्हणून छातीत दुखत असलेल्या प्रत्येक पुरुषाला नायट्रेट देण्यापूर्वी थेट विचारा: ‘गेल्या दोन दिवसांत ताठरतेची गोळी घेतली होती का? रागावणार नाही, पण मला कळायलाच हवं.’ ‘ताकदीची’ चूर्णं आणि कॅप्सूलही विचारा. अशा काही उत्पादनांत सिल्डेनाफिल मिसळलेलं आढळलेलं आहे. ताठरता चार तासांहून जास्त टिकली तर ती इमर्जन्सी आहे.

‘आता चालेल का?’

हार्ट अटॅक, बायपास, खुब्याचं ऑपरेशन, पॅरालिसिस यानंतरच्या डिस्चार्ज कार्डवर पथ्य लिहिलेलं असतं, फिजिओथेरपी लिहिलेली असते, हे एक लिहिलेलं नसतं. मग जोडपं मनानेच ठरवतं की आता बंद. हृदयाच्या पेशंटसाठी ढोबळ कसोटी अशी: दोन जिने न थांबता, दम न लागता, छातीत न दुखता चढता येत असतील तर साधारणपणे हरकत नसते, पक्कं डॉक्टर सांगतील. खुब्याचा सांधा बदलला असेल तर बहुतेक सर्जन काही आठवडे थांबायला सांगतात, आणि पाय कसा वळवायचा नाही हे फिजिओथेरपिस्टने सांगितलेले नियम तिथेही पाळायचे. संधिवात असेल तर वेदनाशामक गोळीची वेळ आणि गरम पाण्याची अंघोळ आधी, दम्याच्या पेशंटने इनहेलर आधी. रात्रीपर्यंत थकवा येतो, दुपारच्या झोपेनंतरची वेळ बरी. स्टोमाची (पोटावर केलेल्या शौचाच्या किंवा लघवीच्या वाटेची) पिशवी आधी रिकामी करून घ्यावी. आणि संभोग जमलाच पाहिजे असं काही नाही. शेजारी झोपणं, अंग चेपून देणं, हात हातात धरणं यांनीही माणसं समाधानी असतात, हे तुमच्या तोंडून ऐकलं की दडपण बरंच उतरतं.

पाळी गेली म्हणजे कंडोम नको, असं सगळ्यांना वाटतं. दिवस जायची भीती नसते हे खरं, पण पातळ अस्तराला चटकन चिरा पडतात आणि संसर्गाचा धोका उलट वाढतो. वजन घटणं, थकवा, सारखा न्यूमोनिया होणं याला म्हातारपण समजल्याने वृद्धांमधलं एचआयव्हीचं निदान उशिरा होतं. सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी केंद्रात चाचणी आणि समुपदेशन मोफत आहे, माहितीसाठी १०९७ हा फोन आहे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. मुलालाही नाही.

दार वाजवून आत जा

एवढं एक केलं तरी निम्मे प्रसंग टळतात. दार वाजवा, थांबा, उत्तर आल्यावर आत जा. न्यूयॉर्कमधल्या हिब्रू होम या वृद्धाश्रमाने १९९५ मध्ये रहिवाशांच्या लैंगिक हक्कांबद्दल लेखी धोरण केलं: खासगीपणा मिळेल, कर्मचारी चेष्टा करणार नाहीत, संमती महत्त्वाची. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बायकांचा हॉल वेगळा, पुरुषांचा वेगळा, आणि नवरा-बायको एकाच आश्रमात असूनही व्हरांड्यात भेटतात. हे मला पटत नाही. इनचार्जशी बोलून आठवड्यातून काही वेळ एखादी खोली मोकळी ठेवता येते, दोन कॉट जोडता येतात, ‘दुपारी तीन ते चार आत येऊ नये’ अशी पाटी लावता येते. घरी ड्यूटी असेल तर ‘मी तासभर बाहेर बसते, काही लागलं तर बेल वाजवा’ म्हणणं पुरेसं असतं.

नव्याने जुळलेल्या दोघांबद्दल मुलांचा फोन येतो, ‘हे बंद करा.’ पुण्यात ज्येष्ठांच्या लिव्ह-इनसाठी मंडळ आहे, साठीनंतर लग्नं होतात. दोघं भानावर असतील, राजीखुशी असतील, तर मुलांना नको म्हणायचा अधिकार नाही. हे नव्या सिस्टरने फोनवर सांगायचं नाही. ‘मी मॅडमना निरोप देते’ म्हणा आणि आजोबांची कुठलीही खासगी गोष्ट फोनवर बोलू नका.

स्मृतिभ्रंश असेल तेव्हा

इथे घाई करू नका. डिमेन्शियाचे आजोबा हॉलमध्ये पायजमा सोडतात, सगळे ओरडतात. आधी कारण शोधा: लघवी लागली आहे, डायपर ओला आहे, नाडी काचते आहे, उकडतंय, इन्फेक्शनने खाज सुटली आहे. निम्म्याहून जास्त वेळा उत्तर इथेच सापडतं, असा माझा अनुभव. खरंच हस्तमैथुन करत असतील तर न रागावता चादर द्या, त्यांच्या खोलीत न्या, दार लोटून या. स्वतःच्या खोलीत कुणाला त्रास न देता चाललेली ती त्यांची खासगी गोष्ट आहे. वागणं अचानक बदललं असेल तर लघवीची तपासणी आणि औषधांचा चार्ट आधी.

अवघड प्रसंग संमतीचा. समजा, आजी शेजारच्या खोलीतल्या काकांना आपल्या वारलेल्या नवऱ्याच्या नावाने हाक मारतात आणि त्यांच्या पलंगावर जाऊन बसतात. त्या खूश दिसतात. चालू द्यायचं का? स्वतःला हे विचारा: समोरचं माणूस कोण आहे हे त्यांना कळतंय का? नको असेल तर नाही म्हणता येतं का, दूर होता येतं का? कालही त्यांना हेच हवं होतं का? भेटीनंतर त्या शांत असतात की कावऱ्याबावऱ्या? दुसरं माणूस पूर्ण भानावर असून याचा फायदा घेत नाही ना? नवरा समजून जवळ गेलेल्या आजींची शरीरसंबंधाला संमती आहे असं धरता येत नाही. हात धरून बसू द्या, सगळ्यांच्या नजरेसमोर, आणि पुढचा निर्णय डॉक्टर, इनचार्ज व घरच्यांनी मिळून घ्यायचा. लग्नाची जोडी असली तरी, आजी घाबरून अंग चोरत असतील तर तिथेही थांबवायचं.

छळ : त्यांचा आणि तुमचा

मांड्यांच्या आतल्या बाजूला वळ, रक्त, फाटलेले आतले कपडे, नव्याने झालेला गुप्तरोग, ठरावीक माणूस आला की अंग आक्रसून घेणं. असं दिसलं तर आजींना अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, लगेच इनचार्जला सांगा. अत्याचारग्रस्त स्त्रीवर ताबडतोब मोफत उपचार करणं सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांना बंधनकारक आहे. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७, तातडीला ११२. संशय आपल्याच सहकाऱ्यावर असला तरी गप्प बसायचं नाही. पेशंटशी शुश्रूषा करणाऱ्याने संबंध ठेवणं, समोरून ‘हो’ आलं तरी, चूकच, आणि कायद्यात त्याला शिक्षा आहे.

आणि पेशंटने तुमचा हात ओढला, अंगाला नको तिथे स्पर्श केला तर? एक पाऊल मागे, नजरेला नजर, आवाज न चढवता: ‘काका, हात सोडा. हे चालणार नाही.’ हसून टाळू नका, हसण्याचा वेगळा अर्थ निघतो. मग बाहेर या, इनचार्जला सांगा, पुढच्या वेळी दोघांनी जा. डिमेन्शियामुळे झालं असेल तर त्यांचा दोष नाही, पण तुम्ही एकटीने सोसायचं असाही नियम नाही. पेशंटच्या मुलाने किंवा ब्युरोच्या माणसाने त्रास दिला तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तुमच्यासाठी आहे. दहा किंवा जास्त लोक कामाला असतील तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी. तुम्ही कुणाच्या घरी ड्यूटी करत असाल किंवा संस्था लहान असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.

नोंद

‘आजोबांनी घाण चाळे केले’ असं रजिस्टरमध्ये लिहिलेलं मी वाचलं आहे. त्यावरून डॉक्टरांना काहीच कळत नाही. जे दिसलं तेवढंच, वेळेसह लिहा: ‘सकाळी ८.२०. स्पंजच्या वेळी शिश्नाच्या टोकाला लाली व पांढरा थर. खाजेची तक्रार. एम्पाग्लिफ्लोझिन चालू. त्वचा पुढे आणली. ड्यूटी डॉक्टरांना कळवलं.’ पेशंटने विश्वासाने सांगितलेलं असेल तर ‘हे मी डॉक्टरांना सांगू का?’ असं विचारून मगच लिहा, आणि उपचाराला लागतं तेवढंच. ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती सांगायची, तो हँडओव्हर व्हरांड्यात नको, पलंगाशीही नको, ड्यूटी रूममध्ये दार लावून द्या. फोटो काढायची वेळ आली, जखमेचा सुद्धा, तर लेखी परवानगीने आणि संस्थेच्याच कॅमेऱ्याने. स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यातलं काहीही टाकायचं नाही.